प्रभुभोजनाची उरलेली भाकरी

आमच्या घरात तांदळाची भाकरी दोन प्रकारची असे. पीठ एकच, तवा एकच, थापणारे हातही आईचेच. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे आई आधी सहा भाकऱ्या भाजून पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवी आणि मग आमच्या जेवणाच्या भाकऱ्यांना हात घाली. फडक्यातल्या भाकऱ्या बिरवाडीला जात. तिथे एका कामगाराच्या भाड्याच्या खोलीत आमची ख्रिस्ती मंडळी उपासनेला भरायची. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक कारखान्यांत काम करणारी, कुणी नगरकडचं, कुणी जालन्याचं, दोन कुटुंबं केरळची. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजनात पाव आणि द्राक्षरस देतात; त्यांच्या जागी पप्पा भाकरी आणि कोकमाचं पाणी ठेवत. या मातीत जे पिकतं त्यावरच प्रभूचं नाव घ्यावं, असं ते म्हणत. यावरून पुण्याच्या काही पाळकांनी त्यांना पत्रं लिहिली होती. पप्पांनी प्रत्येकाला चार-चार पानी उत्तर पाठवलं आणि भाकरी चालू ठेवली.

पप्पा ईशज्ञानाचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे, शिक्षक होते. पुण्यात बरीच वर्षं त्यांनी होणाऱ्या पाळकांना शिकवलं आणि मग एक दिवस आम्हाला घेऊन इकडे आले. आईला पोलादपुरात एका डॉक्टरांकडे नर्सची नोकरी मिळाली, म्हणून घर पोलादपुरात, एसटी स्टँडच्या मागे. हायवेवरचे ट्रक घाट चढायच्या आधी गिअर बदलत तो आवाज आमच्या जेवणात, अभ्यासात, प्रार्थनेत सतत असे. त्या आवाजात बसून पप्पा लांब वह्यांमध्ये लिहीत. तीन पाळ्यांत जगणाऱ्या, रविवारही हातात नसलेल्या माणसाला ख्रिस्त कुठे भेटतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना भीती एकाच गोष्टीची वाटे. "आपण इथे आणखी एक भावकी होऊन बसू," असं ते मंडळीत म्हणत. "आपली लग्नं, आपलं स्मशान, आपला मान. भावक्या या तालुक्यात भरपूर आहेत. त्यात भर घालायला येशूची काय गरज?"

आणि त्यांचा एक नियम होता. भाकरी मोडायच्या आधी ते विचारत, "कुणाचं कुणाशी काही राहिलं आहे का?" आणि थांबत. बाकीच्या चर्चमध्ये हे वाक्य म्हणून पुढे जातात. पप्पा खरोखर थांबत. एकदा बॉयलरवर काम करणारा एक जण त्या शांततेत उठला, चपला घातल्या आणि खोलीतल्या जोडीदाराशी झालेलं भांडण मिटवायला गेला. जोडीदार रात्रपाळी करून झोपला होता. त्याला उठवून, समजूत घालून, चहा पाजून तो परत येईपर्यंत पाऊण तास आम्ही बसून होतो. भाकरीला भेगा पडल्या. लहान मुलं रडायला लागली. पप्पा स्वस्थ. आता त्यांच्या विचारांवर बोलायला मला पुण्याला, नगरला बोलावतात, आणि ही बॉयलरवाल्याची गोष्ट मी प्रत्येक वेळी सांगतो. लोक हसतात, त्यांच्या डोळ्यांत पाणीही येतं. त्याच नियमाची दुसरी गोष्ट मी आजवर कुठेच सांगितलेली नाही. ती इथे लिहितो.

उरलेली भाकरी टाकायची नाही, दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही. त्याच दुपारी आम्ही घरच्यांनी खायची, आणि पहिला घास न बोलता. मी बारावीत होतो तेव्हाचा तो थंडीतला रविवार. आईची दवाखान्यात ड्यूटी होती. एका कामगाराच्या हातावर ॲसिड उडालं होतं, त्याला बघायला पप्पा बिरवाडीतच थांबले आणि मी फडकं घेऊन एसटीने एकटा घरी आलो. भूक लागली होती. आईने आम्हा दोघांसाठी झाकून ठेवलेल्या भाकऱ्या मी सुकटीच्या कालवणाबरोबर सगळ्या संपवल्या. प्रभुभोजनाच्या अडीच उरल्या होत्या, त्या पप्पा आल्यावर खाऊ म्हणून ठेवल्या. तेवढ्यात दारात धोंडूमामा उभा राहिला.

धोंडूमामा आम्हाला दूध घालायचा. कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर त्याची वाडी होती. वाडीचं नाव मी लिहीत नाही; तिथली माणसं अजून आहेत आणि मला ओळखतात. पाच-सात म्हशी, थोडी नाचणी, एक मुलगा मुंबईला, एक मुलगी लग्नाची. त्या दिवशी त्याची गाभण म्हैस चुकली होती. आदल्या संध्याकाळपासून तो तिला शोधत रानातून खाली उतरला होता आणि पोटात काही नव्हतं. येऊन ओट्यावर बसला.

"काय हाय का रे खायाला? आई नाय का?"

घरात दुसरं काही नव्हतं. मी फडकं सोडलं. पण गुपचूप द्यावी असं मला वाटलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहितो. मी म्हटलं, "मामा, ही आमच्या उपासनेतली आहे. देवापुढची."

त्याने हात मागे घेतला. "मग तुमच्या लोकांना चालंल ना, मला दिलेली?"

ही शंका त्याला आमच्या बाजूची आली, स्वतःच्या बाजूची नाही. मी हो म्हटलं. त्याने भाकरी कपाळाला लावली, वाडीवर देवीचा प्रसाद लावतात तशी, आणि कांदा फोडून खाल्ली. अडीचही. वर तांब्याभर पाणी प्याला. "तुझ्या देवाच्या भाकरीला मीठ कमी हाय," म्हणाला, हसला आणि म्हैस शोधायला निघून गेला. तिसऱ्या दिवशी म्हैस सापडली. पप्पांना मी सांगितलं की भाकरी संपली. त्यांना वाटलं मी खाल्ली. तो लबाडपणा म्हणावा इतकाही नव्हता.

इथवर माझ्या हातून वाईट काही झालं नव्हतं. पुढचं सगळं वाईट झालं.

कॉलेजात माझ्या वर्गात त्याच वाडीतला महेश होता, धोंडूमामाचा पुतण्या. आमची चेष्टामस्करी चाले. तो मला पाद्री म्हणायचा, मी त्याला म्हशीवाला. एका दुपारी स्टँडवरच्या टपरीवर सात-आठ पोरं वडापाव खात उभी होती. महेश म्हणाला, "पाद्री, तुमचा देव आमच्या वाडीवर कधी दिसला नाय. चढ लागतो वाटतं त्याला."

पोरं हसली. मला उत्तर सुचलं आणि सुचलं म्हणून मी ते दिलं. "आलाय की. तुझ्या चुलत्याच्या पोटात बसून आलाय. विचार त्याला, आमची प्रसादाची भाकरी कशी लागली."

या वेळी पोरं जास्त हसली. महेश हसला नाही. "खरं बोलतोयस?" त्याने विचारलं. मी खांदे उडवले. त्या हशाची चव मला अजून आठवते. मला ती गोड लागली होती.

आठवड्याभरात धोंडूमामाचं दूध बंद झालं. आई स्टँडवरून पिशवीचं दूध आणू लागली. मग एका सकाळी त्याची बायको, आम्ही तिला मामीच म्हणायचो, डोंगर उतरून आमच्या पायरीवर येऊन बसली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "मास्तर, ह्यानी तुमचा धरम घेतला म्हणत्यात. शिमग्याला मुंबईवाले आले की बैठक हाय. वाळीत टाकतील आमाला. पोरीचं लगीन ठरलंय वैशाखात, पाचाडकडं. तुमी येऊन काय ते सांगा. तुमचा शब्द मानतील."

वाळीत टाकणं म्हणजे काय ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. आता त्याविरुद्ध कायदा आहे. तेव्हा गावकी होती. वाळीतल्या घराला कुणी विस्तव देत नाही, शेतात हात लावायला येत नाही, पालखी त्या दाराला थांबत नाही. मयत झालं तर खांदा द्यायला घरचीच माणसं. हाणामारी नाही, शिवीगाळ नाही. फक्त त्या घराकडे कुणी बघत नाही. आठ-दहा घरांच्या वाडीत हे कसं असेल त्याचा विचार करावा.

पप्पांनी चष्मा काढला आणि मला हाक मारली. "सुहास, धोंडूला तू भाकरी दिली होतीस?"

"हो."

"कोणती?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून टपरीवरचं वाक्य बाहेर आलं असतं. पवित्र भाकरी भुकेल्याला दिली म्हणून पप्पा मला काही बोलले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. त्याच भाकरीवर मी पोरांमध्ये विनोद केला, आणि त्या विनोदाने एका घराचा विस्तव बंद व्हायची वेळ आणली, हे त्यांना कळायला नको होतं. आणि डोक्यात असंही आलं की साधी भाकरी म्हटलं की सगळंच मिटतं. कुणाचंच नुकसान नाही.

"घरातली," मी म्हटलं. "आईने आपल्यासाठी झाकून ठेवलेली."

मामीने माझ्याकडे पाहिलं. पप्पांनी "बरं" म्हटलं आणि चष्मा परत लावला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या शब्दाला त्यांच्याकडे तेवढी किंमत होती.

शिमग्याच्या चौथ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं वर चढलो. ऊन कडक होतं, वाटेवर करवंदीला फुलं होती. पप्पांना दम लागत होता, तीनदा बसावं लागलं. देवळापुढच्या सहाणेवर, जिथे पालखी टेकवतात त्या चौथऱ्याभोवती, वाडीतले पुरुष बसले होते. मुंबईहून आलेले पँट-शर्टात एका बाजूला, गावातले दुसऱ्या बाजूला. बायका लांब, गोठ्यांच्या आडोशाला. धोंडूमामा एकटा, उन्हात. पप्पांना खुर्ची दिली, स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. गावकीचे म्हातारे पुढारी रामजीतात्या म्हणाले, "मास्तर, चढ चढून आलात, आधी बसा. तुमच्याशी आमचं वाकडं नाय. पर रीत हाय."

पप्पा उभं राहूनच बोलले. "धोंडूने धर्म बदललेला नाही. मी कुणाला असा धर्म देतही नाही. माझ्या मुलाने त्याला भुकेच्या वेळी भाकरी दिली. ती आमच्या उपासनेची नव्हती, साधी घरातली होती. एवढंच झालं आहे."

तात्यांनी मान डोलावली. मुंबईवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "मग मॅटरच काय राहिलं?" कुणीतरी तंबाखू काढली. लोक सैल झाले. झालं, वाचलं, असं मी स्वतःशी म्हणालो.

"धोंडू," तात्या म्हणाले, "मास्तर बोलले तेच देवीसमोर अंगारा उचलून बोल. मंग संपलं."

धोंडूमामा देवळाच्या पायरीशी गेला. चिमूटभर अंगारा घेतला. मग वळला आणि माझ्याकडे नाही, पप्पांकडे बघून बोलला. "मास्तर, तुमी माझ्यासाठी आलात. पर हिच्यासमोर नाय जमायचं. पोरानं मला सांगितलं व्हतं, देवापुढची हाय म्हणून. मी कपाळाला लावून खाल्ली. धरम नाय घेतला. पर भाकरी तीच व्हती."

तंबाखू मळणारा हात थांबला. पप्पांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोसलं असतं. त्यांना फक्त कळलं होतं.

तात्यांचा आवाज बदलला. "मास्तर, भाकरी खाल्ली याचं आमाला येवढं नाय. भुकेला माणूस खातो. नारळ फोडला असता देवीपुढं, संपलं असतं. पर ती लपवली का? लपवाया तुमच्यासारखा माणूस डोंगर चढून आला. म्हंजे त्यात काय तरी व्हतं."

"प्लॅन होता हा," मुंबईवाला म्हणाला.

"माझा शब्द चुकला," पप्पा म्हणाले. "मी खात्री करून घ्यायला हवी होती."

"कुणाकडनं?" तात्यांनी विचारलं.

पप्पा थांबले. भाकरी मोडायच्या आधी थांबत तसेच, हात समोर बांधून. ती शांतता माझ्यासाठी होती आणि ते मला कळत होतं. एक पाऊल पुढे टाकून चार शब्द बोलायचे होते. महेश समोरच बसला होता, त्याचीही नजर माझ्यावर होती. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. डाव्या चपलेचा अंगठा उसवला होता.

मग तात्यांनी निकाल सांगितला: धोंडूमामाचं घर वाळीत.

खाली उतरून कापड्याला एसटीची वाट बघत बसलो तेव्हा पप्पा म्हणाले, "मी तुझं नाव घेतलं नाही ते तुला वाचवायला नाही. ते तू सांगायचं आहेस. मी सांगितलं तर ते फक्त माझं खरं होईल." एवढंच. घरी आईला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला कुणी जाब विचारला नाही, जेवण वेळेवर वाढलं जात होतं, आणि ट्रक गिअर बदलत होते.

पुढच्या पहिल्या रविवारी पप्पांनी भाकरी मोडली, सगळ्यांना दिली आणि स्वतः खाल्ली नाही. मंडळीत कुजबुज झाली. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: "माझं एका घराशी राहिलं आहे." त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मी मात्र दोन्ही वेळा खाल्ली. हात पुढे केला, तुकडा घेतला, गिळला. पप्पांच्या हातून मला तो मिळाला आणि देताना त्यांचा हात थांबला नाही. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा मोठी पापं केली असतील, पण तोंडात ती चव असलेलं दुसरं कोणतंच नाही.

त्या दिवसांत त्यांच्या वहीत एक प्रकरण चाललं होतं, आजच्या समाजात ख्रिस्ती माणसाने साक्ष कशी द्यावी यावर. वह्या आता माझ्याकडे आहेत. प्रकरण मध्येच थांबतं. पुढे नव्या शाईत लिहिलं आहे की मंडळीबाहेरचा माणूस आपल्यापेक्षा खरा निघतो तेव्हा ईशज्ञानाने आधी त्याच्यापुढे गप्प बसायला शिकावं. मग तीन पानं कोरी. अभ्यासक या ओळीवर मला प्रश्न विचारतात, कोणत्या पाश्चात्त्य विचारवंताचा हा प्रभाव, म्हणून. मी काहीतरी सांगतो. त्या पानांवर धोंडूमामाचं नाव नाही, माझंही नाही.

वैशाखात लग्न झालं. पाचाडकडच्या लोकांनी सोयरीक मोडली नाही, पण लग्न आपल्या दारात, थोडक्यात करून घेतलं. पप्पा आणि आई गेले. मी परीक्षेचा निकाल यायचा आहे, घरी कुणीतरी हवं, असलं काहीतरी सांगून राहिलो. संध्याकाळी ते परत आले. आईने हातपाय धुतले, माझं ताट वाढलं आणि समोर बसली. या सगळ्यात ती पहिल्यांदाच बोलली.

"धोंडूचा मुलगा मुंबईहून आलाच नाही. मुलीकडून ते दोघं, आणि आम्ही दोघं."

मी जेवलो नाही. सकाळी पहिल्या एसटीने कापड्याला उतरून वर गेलो. तात्या गोठ्यावर नवा पेंढा चढवत होते. शिडीच्या खाली उभं राहून मी सगळं सांगितलं. दिलेली भाकरी, टपरीवरचा विनोद, पप्पांना सांगितलेलं खोटं. ते शिडीवरच राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "तू खोटं बोललास ते तुझ्या बापाला म्हाईत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि धोंडूलाबी नाय?"

"नाही. मी एकटाच."

ते खाली उतरले. अंगावरचा पेंढा झटकला. "हे शिमग्याला बोलला असतास तर, पोरा," म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी नातवाला चार घरी बोलवायला धाडलं. पाच-सहा माणसं आली, धोंडूमामाला बोलावलं, देवीपुढे नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा पहिला धोंडूमामाच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्या. अर्धा तासही लागला नसेल. ज्याला मी तीन महिने घाबरलो ते एवढंच होतं. धोंडूमामाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "घरला जा, मामीला भेट. पाणी पी," म्हणाला आणि म्हशींकडे गेला.

मामी परसात गोवऱ्या थापत होती. मी समोर उभा राहिलो. ती थापत राहिली.

"त्या दिशी पायरीवर मला कळलं व्हतं, तू खोटं बोलतोस ते," ती म्हणाली. "मीबी गप बसले. म्हटलं, ह्याच्या खोट्यानं घर वाचतंय तर वाचू दे. तुला एकट्याला काय बोलू."

मला काही तरी म्हणायचं होतं. क्षमा कर, असंच काहीतरी. मी मुलीचं विचारलं. सासरी बरी आहे ना.

"बरी हाय." तिने शेणाचा गोळा उचलला, भिंतीवर थापला, त्यावर पाची बोटं उठली. "हळदीला पाच सवाष्णी लागत्यात. वाडीतली एक बी उंबरा चढली नाय. मंग मीच लावली तिला. एकदा लावली, बाहेर गेले, परत आत आले, परत लावली. अशी पाच येळा."

ती पुढचा गोळा घ्यायला वाकली.